डोळे झाकून घ्या? शेजारच्या सल्ल्याचा आढावा

‘पाच लिटरचा कुकर घ्यायचाय, कोणता घेऊ?’ सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हा प्रश्न पडला की टँकरच्या बिलावर आठवडाभर गप्प बसलेले सभासदही बोलू लागतात. एका काकूंचा कुकर बावीस वर्षं चाललाय, फक्त गॅस्केट बदलली. दुसऱ्या घरात त्याच कंपनीच्या कुकरची शिट्टी पहिल्याच महिन्यात बिघडली. तिसऱ्यांचं म्हणणं, स्टीलचाच घ्या, ॲल्युमिनियमचं नाव काढू नका. कोणी कोपऱ्यावरच्या भांडीवाल्याचा नंबर देतं, कोणी सेलची लिंक टाकतं आणि शेवटी कोणीतरी लिहितं, ‘डोळे झाकून घ्या.’

मिक्सर, घरघंटी, पाण्याचं फिल्टर, गादी, झुरळांचं जेल, डोसा न चिकटणारा तवा, हापूसची पेटी. शहरी मराठी घरातली बरीचशी खरेदी आता अशी ठरते. याकडे करमणूक म्हणून पाहता येईल. पण समाजशास्त्रज्ञ, अर्थशास्त्रज्ञ, ग्राहक चळवळ आणि अलीकडे कायदा असे सगळेच गेली सत्तर-ऐंशी वर्षं या प्रश्नाभोवती फिरत आहेत, आणि त्यांची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून वस्तू घेणं शहाणपणाचं की नुसतंच सोयीचं, हा वाद आज कुठे येऊन थांबलाय ते इथे पाहू.

डिकेटर ते मुंबई

ओळखीच्या माणसाच्या सल्ल्याचा पहिला मोठा अभ्यास १९४५ साली अमेरिकेत, इलिनॉय राज्यातल्या डिकेटर या मध्यम आकाराच्या शहरात झाला. एलिहू कॅट्झ आणि पॉल लाझार्सफेल्ड यांचं त्यावरचं ‘पर्सनल इन्फ्लुअन्स’ हे पुस्तक १९५५ मध्ये आलं. सुमारे आठशे स्त्रियांना विचारलं होतं की किराणा-घरगुती वस्तू, फॅशन, सिनेमा आणि सार्वजनिक प्रश्न यांबाबतचं तुमचं मत कोणामुळे बदललं. रेडिओ आणि वर्तमानपत्रं माणसांच्या डोक्यात थेट मतं भरतात, अशी तेव्हाची समजूत होती. या अभ्यासात मध्ये एक ओळखीचं माणूस उभं असलेलं दिसलं. शिवाय घरगुती खरेदीत ज्यांचा शब्द चालत होता त्या स्त्रिया श्रीमंत किंवा मानाच्या नव्हत्या. त्या बहुतेक मोठ्या कुटुंबाचा संसार ओढणाऱ्या आणि विचारणारीच्याच आर्थिक थरातल्या होत्या. सल्ला वरून खाली झिरपत नव्हता, आडवा पसरत होता. आपल्याकडच्या एखाद्या अनुभवी जाऊबाई हे ऐकून म्हणाल्या असत्या, यात शोध तो कसला! पण जाहिरात व्यवसायाला हे तेव्हा नवीन होतं.

त्याच सुमारास, १९५४ मध्ये, विल्यम व्हाइट या पत्रकाराने ‘फॉर्च्यून’ मासिकात फिलाडेल्फियातल्या एकाला एक लागून असलेल्या घरांविषयी लिहिलं. खिडकीतले एअर कंडिशनर तेव्हा नुकतेच येत होते. घरं सारखी, उत्पन्न सारखं, उकाडाही सारखाच. तरी एका ओळीत खिडकीखिडकीला यंत्र आणि जवळच्याच दुसऱ्या ओळीत एखाददुसरंच. गप्पा जिथवर पोचत होत्या, तिथवर यंत्रं पोचली होती. पुढे १९६७ मध्ये योहान आर्न्ट यांनी विवाहित विद्यार्थ्यांच्या एका वसाहतीत खाद्यपदार्थाचा नवा ब्रँड आणून त्यावर शेजारणी काय बोलतात याची नोंद ठेवली. चांगलं ऐकलेल्यांनी तो जास्त घेतला, वाईट ऐकलेल्यांनी टाळला. आजच्या सोसायटीच्या ग्रुपशी सर्वांत जवळचा जुना अभ्यास हाच.

आपल्याकडे हळदीकुंकवाच्या दिवाणखान्यात कोणी संशोधक वही घेऊन बसला नाही. पण चाळीची गॅलरी, नळावरची रांग, भिशी आणि महिला मंडळ ही सल्ल्याची ठिकाणं होतीच. संक्रांतीच्या वाणातून एखादी नवी वस्तू एका दुपारी वीस घरांत पोचत असे, आणि ती वापरून पाहिल्यावरचा निकाल पुढच्या भिशीला लागत असे.

महाराष्ट्राची खरी कामगिरी मात्र पुढची आहे. इथे या गप्पांना संस्थेचं रूप मिळालं. १९६६ मध्ये मुंबईत नऊ स्त्रियांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. भेसळ, वजनमाप आणि मालाचा दर्जा यांवर बोलणाऱ्या देशातल्या पहिल्या ग्राहक संस्थांपैकी ती एक; ‘कीमत’ हे तिचं नियतकालिक. बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ग्राहक पंचायतीच्या चळवळीतून १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत आली. संगीतकार सुधीर फडके तिच्याशी जोडलेले होते. आसपासच्या कुटुंबांनी मिळून संघ करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, संस्थेने घाऊक भावाने माल आणायचा आणि कोणाच्या तरी घरी तो वाटून घ्यायचा, अशी तिची रीत. यात शेजार होता, पण निवड नुसत्या गप्पांवर सोडलेली नव्हती. मालाची पारख करायला कार्यकर्ते होते आणि तक्रार आली तर तिला उत्तर देणारं कोणीतरी होतं. आजच्या ग्रुपवर हीच गोष्ट नसते, आणि वादाचा बराचसा भाग तिच्याभोवती फिरतो.

मार्च २०२० च्या टाळेबंदीने जुनं आणि नवं एकत्र आणलं. बाजार समित्या अडखळल्या, तेव्हा पुण्या-मुंबईतल्या सोसायट्यांनी शेतकऱ्यांकडून थेट भाजी आणि कोकणातून आंब्याच्या पेट्या मागवल्या. मागणीची यादी व्हॉट्सॲपवर, पैसे यूपीआयने, वाटप पार्किंगमध्ये. ग्राहक पंचायतीच्या संघासारखंच हे दिसत होतं, फक्त पंचायत तेवढी नव्हती.

विचारावं का लागतं

या प्रश्नाला अर्थशास्त्रात चौकट मिळाली ती १९७० साली. जॉर्ज अकरलॉफ यांचा ‘लेमन्स’वरचा, म्हणजे फसव्या मालावरचा, प्रसिद्ध निबंध जुन्या मोटारींबद्दल आहे एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. त्यात भारतातल्या बाजारातला तांदूळही आहे. भारतीय गृहिणीला तांदूळ निवडावा लागतो, कारण त्याच रंगाचे आणि आकाराचे खडे त्यात मुद्दाम मिसळलेले असतात, असं ते लिहितात. त्याआधी ते काही काळ भारतात राहिले होते. विकणाऱ्याला मालाबद्दल घेणाऱ्यापेक्षा जास्त माहिती असते तेव्हा बाजार बिघडतो, हा त्यांचा मुद्दा. २००१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. शेजाऱ्याला विचारणं हा ही तफावत भरून काढायचा सर्वांत स्वस्त मार्ग.

१९७० मध्येच फिलिप नेल्सन यांनी वस्तूंचे दोन प्रकार केले: पाहून कळणाऱ्या आणि वापरून कळणाऱ्या. १९७३ मध्ये मायकल डार्बी आणि एडी कार्नी यांनी तिसरा जोडला: वापरूनही ज्यांचा दर्जा कळत नाही अशा. साडीचा रंग पाहून कळतो. मिक्सर वापरून कळतो. मधात साखरेचा पाक आहे का, हे बाटली संपली तरी कळत नाही. हे तीन कप्पे नजरेसमोर ठेवले की पुढचा वाद समजायला सोपा जातो. माझ्या मते तो सुटायलाही यांचीच मदत होते, कारण शेजाऱ्याच्या बाजूचे आणि विरोधातले लोक बहुधा वेगवेगळ्या कप्प्यांतल्या वस्तू मनात ठेवून भांडत असतात.

शेजाऱ्याच्या बाजूने

पहिला युक्तिवाद परिस्थितीचा, आणि मला तो सर्वांत भक्कम वाटतो. यंत्र चांगलं की वाईट हे यंत्रावर जितकं अवलंबून असतं तितकंच ते जिथे चालायचं त्या जागेवरही. पाण्याच्या फिल्टरचं उदाहरण घ्या. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आहे. त्याहून कमी क्षार असलेल्या पाण्यावर आरओ यंत्र वापरायला बंदी घालावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये सरकारला दिले होते, कारण या यंत्रात बरंच पाणी वाया जातं. आता पुण्यात धरणाचं पाणी मिळणारी पेठेतली इमारत आणि बोअरवेल-टँकरवर जगणारी उपनगरातली सोसायटी यांचं पाणी एक नाही. कंपनीचा विक्रेता दोघांनाही आरओच विकेल. संकेतस्थळावरचे हजारो अभिप्राय कुठल्या गावच्या पाण्यावर लिहिलेत ते कळत नाही. शेजारच्या फ्लॅटमधल्या वहिनींच्या नळाला मात्र तेच पाणी येतं, आणि त्यांचा कँडल किती महिन्यांत तपकिरी होतो हे त्या सांगू शकतात. जड पाण्यात वॉशिंग मशीनच्या हीटरवर बसणारे क्षार, समुद्राकाठच्या घरात फ्रिजच्या बिजागरीला चढणारा गंज, गावाकडचं कमी-जास्त होणारं व्होल्टेज, या सगळ्याची गत तीच.

वापराचंही तसंच. मिक्सर घेताना मराठी घराला त्यात इडलीचं पीठ किती मऊ निघतं याची फारशी पडलेली नसते. शेंगदाण्याचं कूट भरड राहतं की तेल सुटून गोळा होतो, सुकं खोबरं पात्याखाली सापडतं की भांड्याच्या कडेला चिकटून बसतं, हे त्याला हवं असतं. असा अभिप्राय देणारं माणूस आपल्यासारखाच स्वयंपाक करणारं लागतं. म्हणून ‘स्थानिक’ याचा अर्थ नेहमी भौगोलिक घ्यायचं कारण नाही. अमेरिकेतल्या महाराष्ट्र मंडळातल्या मुलीला ११०-१२० व्होल्टवर चालणारा आणि ओलं वाटण करणारा मिक्सर हवा असतो, किंवा भाकरी थापता येईल असं ज्वारीचं पीठ. तिचा शेजारी तीन राज्यं पलीकडे राहत असला तरी या कामापुरता तोच शेजारी.

विक्रीनंतरची सेवा ही या युक्तिवादाची दुसरी शाखा. वॉरंटी देशभर सारखी छापलेली असते, पण दुरुस्तीला येणारा माणूस प्रत्येक भागात वेगळा असतो. तो फोन उचलतो का, सुट्या भागाचे पैसे किती लावतो, हे त्या पिनकोडबाहेरच्या कोणाला ठाऊक असणार?

दुसरा युक्तिवाद विश्वासाचा. खोट्या अभिप्रायांचा धंदा आता चांगलाच अभ्यासला गेलाय. मायकल लुका आणि जॉर्जिओस झर्वास यांनी २०१६ मध्ये बोस्टनच्या रेस्टॉरंटांविषयीचे येल्प या संकेतस्थळावरचे अभिप्राय तपासले, तेव्हा सुमारे १६ टक्के संशयास्पद म्हणून बाजूला काढलेले आढळले. ॲमेझॉनवरच्या मालासाठी खोटे अभिप्राय फेसबुकच्या खासगी गटांतून उघड विकत मिळत होते, असं आणखी एका अभ्यासात दिसलं. शेजारी खोटं बोलू शकत नाही असं नाही, पण तो उद्या लिफ्टमध्ये भेटणार असतो.

तिसरा पुरावा जरा गुंतागुंतीचा आहे. जॅकलिन ब्राउन आणि पीटर रेनगन यांनी १९८७ मध्ये एका शहरातल्या पियानो शिक्षकांकडे विद्यार्थी कोणाच्या सांगण्यावरून आले याची साखळी काढली. बातमी एका कोंडाळ्यातून दुसऱ्यात नेण्याचं काम लांबच्या ओळखींनी केलं होतं, पण प्रत्यक्ष निर्णयावर वजन जवळच्यांच्या शब्दाला होतं. लांबच्या ओळखींच्या ताकदीविषयीच्या मार्क ग्रॅनोव्हेटर यांच्या १९७३ च्या सिद्धांताशी हे जुळतं. सोसायटीचा ग्रुप मधलाच कुठला तरी प्राणी आहे. त्यात सख्खी मैत्रीण असते आणि कधी तोंड न पाहिलेले बी विंगचे भाडेकरूही. म्हणून तिथे नवी माहितीही मिळते आणि ती कोणाच्या शब्दावर घ्यायची हेही कळतं, असा समर्थकांचा दावा आहे.

विरोधातलं म्हणणं

विरोधकांचा पहिला मुद्दा अंकगणिताचा. बावीस वर्षं चाललेला कुकर हा एक कुकर आहे. ज्यांचे बिघडले त्यांनी ते मोडीत घातले आणि विषय संपला. टिकलेला कुकर रोज गॅसवर दिसतो म्हणून त्याची गोष्ट सांगितली जाते. शिवाय त्या काकूंनी घेतलेलं मॉडेल आज त्याच घडणीचं मिळेलच असं नाही. नियमही बदलतात. १ फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती कुकरला आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. एअर कंडिशनरच्या ऊर्जातारांकनाचे निकष जुलै २०२२ मध्ये कडक झाले, त्यामुळे त्याआधीचा पाच तारे असलेला एसी नंतरच्या मोजमापात पाचाचा राहिलाच असेल असं नाही. शेजाऱ्याच्या सल्ल्यावर तारीख छापलेली नसते.

दुसरा मुद्दा गर्दीचा. अभिजित बॅनर्जी यांचा १९९२ चा निबंध या विषयातला पायाचा मानला जातो. (मुंबईत जन्मलेल्या आणि आईकडून मराठी असलेल्या या अर्थशास्त्रज्ञाला २०१९ मध्ये नोबेल मिळालं ते गरिबीवरच्या कामाबद्दल, हा निबंध त्याच्या बराच आधीचा.) त्यातलं उदाहरण दोन शेजारशेजारच्या रेस्टॉरंटांचं. शंभरातल्या नव्व्याण्णव जणांकडे दुसरं चांगलं असल्याची खूण आहे, पण पहिला आलेला नेमका उरलेला एक असतो आणि पहिल्यात शिरतो. मागचे त्याच्याकडे पाहून आपली माहिती बाजूला ठेवतात आणि शंभरच्या शंभर चुकीच्या ठिकाणी जेवतात. यात कोणीही मूर्खपणा केलेला नाही, हीच यातली गोम आहे. ग्रुपवर पहिलं उत्तर कोणाचं आलं यावर पुढचे अंगठे ठरतात, असा अनुभव अनेकांना असेल.

पुढे याचे प्रयोगही झाले. मॅथ्यू सॅल्गनिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी २००६ मध्ये चौदा हजारांवर लोकांना अनोळखी बँडची ४८ गाणी ऐकवली. इतरांनी काय उतरवून घेतलंय हे ज्यांना दिसत होतं त्यांचे वेगवेगळे गट केले, तर वेगवेगळ्या गटांत वेगवेगळी गाणी वर आली. २०१३ मध्ये लेव्ह मुचनिक, सिनान अराल आणि शॉन टेलर यांनी एका बातम्यांच्या संकेतस्थळावरच्या प्रतिक्रियांना आल्याआल्या आपल्याकडून एक अनुकूल मत देऊन पाहिलं. त्या एका मताने शेवटचं गुणांकन सरासरी २५ टक्क्यांनी वाढलं. उलट प्रतिकूल मत दिलं तर ते इतरांनी भरून काढलं. म्हणजे गर्दी वाईटाकडे सावधपणे पाहते आणि चांगल्याच्या मागे बिनदिक्कत जाते. हे प्रयोग अनोळखी लोकांवरचे आहेत, ते ओळखीच्या गटाला तसेच्या तसे लावता येतील का, यावर मतभेद आहेत.

तिसरा मुद्दा तज्ज्ञ चाचण्यांचा. बार्ट डी लांघे आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये १२० प्रकारच्या १,२७२ वस्तू घेऊन ग्राहकांनी दिलेले तारे अमेरिकेतल्या ‘कन्झ्युमर रिपोर्ट्स’च्या प्रयोगशाळेतल्या गुणांशी ताडून पाहिले. मेळ फारच थोडा बसला. किंमत आणि ब्रँडचं नाव यांनी ताऱ्यांवर छाप पाडलेली होती. यावर लगेच प्रतिवाद झाले. प्रयोगशाळा जे मोजते तेवढीच गुणवत्ता असते का, हाताळायला सोपं असणं किंवा आवाज त्रासदायक नसणं हेही गुणच नाहीत का, असे ते होते. हा वाद मिटलेला नाही, आणि मिटावा असंही नाही. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह किती दाबाला सुटतो हे घरी मोजता येत नाही आणि मोजूही नये. पण झाकण ओल्या हाताने लागतं का, हे प्रयोगशाळेपेक्षा काकूंना जास्त कळतं.

सगळ्यात गंभीर आक्षेप तिसऱ्या कप्प्यातल्या वस्तूंचा आहे. हळदीला पिवळा जर्द रंग यावा म्हणून मिसळलं जाणारं लेड क्रोमेट डोळ्यांना, नाकाला, जिभेला कळत नाही. उलट हळद अधिक चांगली दिसते. सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने डिसेंबर २०२० मध्ये १३ ब्रँडचा मध तपासला, तेव्हा सगळ्या चाचण्यांत ३ उतरले. कंपन्यांनी ते निष्कर्ष नाकारले. पण चाचणी जर्मनीतल्या प्रयोगशाळेत, चुंबकीय अनुनादाच्या तंत्राने करावी लागली, यावरून हे घरी किती कळण्यासारखं आहे ते दिसतं. तरी ग्रुपवर ‘खात्रीचा जंगली मध’, ‘घरगुती हळद, शंभर टक्के शुद्ध’ यांची शिफारस मिक्सरइतक्याच ठामपणे होते. सांगणाऱ्याचा प्रामाणिकपणा इथे कामाचा नाही, कारण त्याला स्वतःलाच कळायचा मार्ग नसतो. हापूसही थोडा याच कप्प्यात जातो. २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, पालघर, ठाणे आणि रायगडच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, पण पेटीतला आंबा देवगडचा की कर्नाटकातून आलेला, हे पेटीवरच्या कागदावरून ओळखणारे थोडेच.

आणि मग संकोच. ग्रुपवरच्याच एका ताईंनी दिवाळीला चकल्या करून विकल्या आणि त्या मऊ पडल्या, तर कोण लिहिणार? ‘छान होत्या’ म्हणणारे पाच जण असतात, बाकीचे पुढच्या वर्षी दुसरीकडून मागवतात. ईबेवर विक्रेता आणि ग्राहक एकमेकांना गुण देत, तेव्हा जवळजवळ सगळे अभिप्राय चांगलेच असत. उलट वाईट शेरा मिळण्याची भीती हे त्यामागचं एक कारण मानलं गेलं, आणि २००८ मध्ये कंपनीने विक्रेत्यांचा ग्राहकाला वाईट शेरा देण्याचा अधिकार काढून घेतला. शेजारात असा नियम करता येत नाही.

सल्ला कुठे संपतो, विक्री कुठे सुरू होते

ओळखीचा वापर विक्रीसाठी करणं जुनंच. टपरवेअरने १९५१ मध्ये अमेरिकेतल्या दुकानांतून माल काढून तो फक्त घरगुती पार्ट्यांतून विकायला सुरुवात केली. ही पद्धत बसवण्यात ब्राउनी वाइज या बाईंचा मोठा वाटा होता. भारतात ही कंपनी १९९६ मध्ये आली आणि भिशीच्या टेबलावर रंगीत डबे मांडले गेले. तिथे निदान विकणारी कोण हे सगळ्यांना दिसत होतं. २०१५ मध्ये सुरू झालेल्या मीशोने आधी जो नमुना रुजवला त्यात हजारो गृहिणी व्हॉट्सॲपवर कॅटलॉग पाठवून, मूळ किमतीवर आपला नफा चढवून कपडे आणि घरगुती वस्तू विकत. त्यातून अनेकींच्या हातात पहिल्यांदा स्वतःचे पैसे आले, हे समर्थक सांगतात आणि ते खरं आहे. टीकाकारांना खटकतं ते वेगळं: मैत्रीण ‘छान आहे गं’ म्हणते तेव्हा ती मैत्रीण म्हणून बोलते की विक्रेती म्हणून, हे कळेनासं होतं. कमिशनची लिंक आणि रेफरल कोड यांनी ही रेषा आणखी पुसट केली.

कायद्याने या रेषेकडे लक्ष दिलंय, पण वरच्या टोकापासून. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाखांपर्यंत आणि पुन्हा चूक झाल्यास ५० लाखांपर्यंत दंड करू शकतं, वस्तूची भलामण करणाऱ्यालाही. जून २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी कंपनीशी असलेला आर्थिक संबंध जाहीर करणं बंधनकारक केलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवरच्या इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी वेगळ्या सूचना आल्या. डिसेंबर २०२१ च्या थेट विक्रीच्या नियमांनुसार विक्रेत्याला ओळखपत्राशिवाय आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय घरी जाता येत नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने ऑनलाइन अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं, पण ते ऐच्छिक ठेवलं, आणि ते अभिप्राय प्रसिद्ध करणाऱ्या संस्थांसाठी आहे. तीनशे घरांचा ग्रुप यात कुठेच बसत नाही. चकल्या विकणाऱ्या ताईंनाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, पण ग्रुपवर तो क्रमांक विचारण्याचा उद्धटपणा कोण करेल?

शेजाऱ्यांनीही ‘मला यात कमिशन आहे’ असं आधी सांगावं, असं काही ग्राहक कार्यकर्त्यांना वाटतं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की असा नियम आला की लोक बोलायचंच बंद करतील. मला पहिली मागणी रास्त वाटते, मात्र ती कायद्याने नव्हे, ग्रुपच्या रिवाजाने यावी. काही सोसायट्यांनी खरेदी-विक्रीचा ग्रुप वेगळा केलाय, तो उपाय साधा आणि बराचसा पुरेसा आहे.

न सुटलेलं

मोजमापाची अडचण सर्वांत मोठी. डिकेटरच्या स्त्रियांना दारात जाऊन विचारता आलं. व्हॉट्सॲपवरचे संदेश २०१६ पासून दोन्ही टोकांना कुलूपबंद असतात, म्हणून ग्रुपवरचा सल्ला किती वेळा बरोबर निघतो हे बाहेरून तपासता येत नाही. आपल्याकडचं जवळजवळ सगळं ज्ञान परदेशी, उघड्या संकेतस्थळांवरून उसनं घेतलेलं आहे.

दुसरं, चाचण्यांचं काय? अहमदाबादचं कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटर १९७८ पासून आणि दिल्लीची ‘व्हॉइस’ १९८३ पासून काम करत आहेत. वस्तूंच्या तौलनिक चाचण्या घेऊन त्यांनी निष्कर्ष छापले आहेत. अशा चाचण्यांचा निष्कर्ष मराठीत, चार ओळींत, कुकरचा प्रश्न पडलेल्या दिवशी ग्रुपवर पोचत नाही. तो पोचवायचा कोणी आणि पैसे कोणी द्यायचे, याला सध्या उत्तर नाही. ग्राहक पंचायतीच्या पिढीने वेळ देऊन हे केलं. आता तेवढा वेळ असलेले कार्यकर्ते कमी आहेत.

तिसरा प्रश्न ग्रुपमध्ये कोण नाही याचा. मिक्सर चालवणाऱ्या मावशी, फिल्टर धुणारी मुलगी, रात्रपाळीचा वॉचमन यांना वस्तूच्या टिकाऊपणाबद्दल मालकिणीइतकंच कळतं, पण ग्रुपच्या यादीत त्यांचे नंबर नसतात. डिकेटरमध्ये सल्ला आडवा पसरत होता असं दिसलं, त्याचा दुसरा अर्थ असाही की तो थर ओलांडत नव्हता.

आणि शिफारस वस्तूंपाशी थांबत नाही. कुकरच्या पाठोपाठ कुकर दुरुस्त करणाऱ्याचं नाव येतं, मग इलेक्ट्रिशियनचं, मग कामाला येणाऱ्या बाईंचं. काही सोसायट्यांत गेटवरच्या ॲपमध्ये घरकामगारांना गुण देण्याची सोय आहे. वाईट शेऱ्याने कंपनीचं फार काही बिघडत नाही, पण ‘हा माणूस ठीक नाही’ या एका ओळीने कोणाचं तरी काम जातं, आणि त्याला उत्तर द्यायला तो त्या ग्रुपवर नसतो. जबाबदारी कोणाची? सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी केवळ ॲडमिन असल्यामुळे कोणी दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं, म्हणजे जबाबदारी लिहिणाऱ्याकडेच येते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने व्यक्तीच्या खासगी किंवा घरगुती कारणासाठीच्या वापराला सूट दिली आहे. तीनशे घरांना दिसणारी, वर्षानुवर्षं जपलेली कामगारांच्या नावांची आणि गुणांची यादी ‘घरगुती’ म्हणायची का, याचं उत्तर कायद्याच्या मजकुरात नाही.